आडनाव कळलं, आता नाव विचार

अगं, रात्रभर मोबाइलवर वाचत बसू नकोस, आधी दोन घास खा. माझ्याही लेकाला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा) आहे म्हटल्यावर माझं काय झालं होतं, ते मला अजून आठवतंय. त्याआधीची माझी अक्कल तर विचारूच नकोस. दिवेलागणीला पोरगं उंबऱ्याला अडखळायचं आणि मी ओरडायचे, "डोळे आहेत की बटणं?" निदान झालं त्या दिवशी तेच वाक्य आठवून पोटात कालवलं बघ. मग प्रायश्चित्त म्हणून दोन महिने गाजरं. किसून, उकडून, हलव्यात घालून. पोरगं नारिंगी व्हायचंच बाकी होतं!

खरं सांगू का, 'आरपी' हे आजाराचं आडनाव आहे. घरात माणसं पुष्कळ. साठाहून जास्त जनुकांपैकी कुठलंही बिघडलं तरी डोळ्याचा पडदा असा झिजतो. तू जी जीन थेरपीची बातमी वाचलीस ना, ती त्यातल्या एकाच जनुकाची, आरपीई-६५ची. पडद्यात एकदा वापरलेलं अ जीवनसत्त्व पुन्हा कामाला लावणारं प्रथिन त्या जनुकावरून बनतं. ते बनलंच नाही, तर गाजरं कितीही खाऊ घाल, काय उपयोग?

इलाज कसा, तर एका निरुपद्रवी विषाणूचा डबा रिकामा करायचा, त्यात चांगलं जनुक भरायचं आणि शस्त्रक्रिया करून पडद्याखाली पोचवायचं. फिलाडेल्फियाच्या जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या नवराबायकोनं यावर वर्षानुवर्षं काम केलं. आधी जन्मतः दिसत नसलेल्या ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांवर, मग माणसांवर. डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेत 'लक्सटर्ना' या नावानं त्याला मान्यता मिळाली. मंद उजेडात अडथळे चुकवत चालायच्या परीक्षेत रुग्ण सुधारले, ही खरी कमाई. लख्ख नजर परत आली असं मात्र समजू नकोस. आणि किंमत ऐक, २०१८मध्ये बाजारात आलं तेव्हा एका डोळ्याचे ४,२५,००० डॉलर. हो, मीही कॅल्क्युलेटर दोनदा पुसून पाहिला होता.

आणखी एक. पडद्याच्या पेशी जिवंत असायला हव्यात. दूधच नासलं तर विरजण काय करणार? म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नकोस. पण घाबरून जमीनही विकायला काढू नकोस. तुझ्या लेकाचं बिघडलेलं जनुक कुठलं, हे अजून तुला ठाऊकच नाहीये ना?

तेवढी एक गोष्ट कर. डॉक्टरांना जनुकीय चाचणीचं विचार. थोडं रक्त घेतात, अहवालाला काही आठवडे लागतात. तुम्हा दोघांचंही रक्त मागतील, ते दे. अहवालात कधी कधी 'अर्थ अनिश्चित' असं येतं, तेव्हा रडत बसू नकोस, जनुकीय समुपदेशकाकडे जा. सासूबाई "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं" म्हणतीलच. माझ्याकडेही झालं होतं ते. कितीतरी प्रकारांत आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन बिघडलेल्या प्रती लागतात. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत तशी गाठ पडायची शक्यता वाढते, बाकी दोष कुणाचाच नाही. त्यांना हे समजावायला समुपदेशकालाच बसव, तू भांडू नकोस.

आणि "स्टेम सेलचं इंजेक्शन देतो, नजर परत आणतो" म्हणत कुणी पैसे मागितले, तर चप्पल घाल आणि बाहेर पड. मी एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून बसले होते, म्हणून सांगतेय. खऱ्या औषधचाचणीत (क्लिनिकल ट्रायलमध्ये) प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ती चाचणी सीटीआरआय या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत आहे का, तेही बघ.

तोवर त्याची शाळा, खेळ, भांडणं, सगळं चालू राहू दे. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरून टाक, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी आजच चिकटव गं, दिवे लागायच्या आत.