वॉटर्स की गिल्मर? आधी राइट ऐका!

पिंक फ्लॉइडचे चाहते जमले की चहा येण्याआधी वाद पेटतो. बँड खरा कुणाचा, रॉजर वॉटर्सचा की डेव्हिड गिल्मरचा? एक गट म्हणतो शब्द आणि कल्पना वॉटर्सच्या, दुसरा म्हणतो गिटार आणि गळा गिल्मरचा. कॅसेटच्या काळापासून मी हा बँड ऐकतोय आणि माझं मत दोन्ही गटांना रुचत नाही. फ्लॉइडला फ्लॉइड केलं ते कीबोर्डवर बसलेल्या रिचर्ड राइटने. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून जे पदरात पडलं, ते असं.

१. सुरुवात ‘द वॉल’पासून करू नका.
शाळेच्या मास्तरांवरचं ते गाणं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून नवा श्रोता १९७९चा ‘द वॉल’ आधी उचलतो. अल्बम मोठाच आहे, पण तो मुख्यतः वॉटर्सची गोष्ट सांगतो. चौघं मिळून काय करत होते ते कळायचं तर १९७१चा ‘मेडल’ लावा आणि थेट ‘एकोज’वर या. तेवीस मिनिटांहून मोठं हे गाणं रेकॉर्डची अख्खी एक बाजू व्यापतं. सुरुवातीला ‘टिंग’ असा पाण्याखालून आल्यासारखा आवाज येतो. तो राइटच्या पियानोचा एकच स्वर आहे. फिरत्या कर्ण्याच्या लेस्ली स्पीकरमधून सोडल्यामुळे तो असा थरथरतो. पुढे गिल्मर आणि राइट एकत्र गातात, तेव्हा कुठला आवाज कुणाचा हे चटकन सांगता येत नाही.

२. ‘मनी’ टाळी देत ऐका.
सात मात्रांचं हे गाणं आहे. रूपकाची सवय असलेला कान मात्रा लगेच पकडतो, ठेक्याची चाल मात्र निराळी. नाण्यांचा खणखणाट, फाटणारा कागद आणि गल्ल्याचा आवाज टेपच्या वेटोळ्यात असे जोडले आहेत की तेच ताल धरतात. सॅक्सोफोनही सातातच वाजतो. गिल्मरची गिटार आली की गाणं चार मात्रांवर उतरतं आणि सोलो संपला की परत सातावर. ही दोन वळणं हाताने पकडून पाहा.

३. ‘डार्क साइड’ची गाणी सुटी करू नका.
१ मार्च १९७३ला अमेरिकेत आलेला ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९८८पर्यंत बिलबोर्डच्या यादीत एकूण ७४१ आठवडे होता. हा आकडा सगळे सांगतात. त्यातल्या दोन शिखरांच्या चाली राइटच्या आहेत, हे कुणी सांगत नाही. ‘अस अँड देम’ची चाल त्याने अँटोनिओनीच्या ‘झब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी केली होती. दिग्दर्शकाने ती नाकारली आणि बँडने जपून ठेवली. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये राइटच्या पियानोवर क्लेअर टोरी शब्दांविना गाते. तिला तेव्हा ३० पौंड मिळाले. पुढे ती कोर्टात गेली, २००५मध्ये तडजोड झाली आणि राइटच्या जोडीला तिचंही नाव लागलं. ‘ब्रीद’मधली एक कॉर्ड तर राइटने माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून घेतली. फ्लॉइडच्या रॉकमध्ये जॅझची ही ओल त्याच्यामुळे आली.

४. सोलोच्या मागे काय चाललंय ते ऐका.
१९७५च्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये शब्द यायला साडेआठ मिनिटं लागतात. गिल्मरचे ते चार प्रसिद्ध स्वर सगळ्यांना पाठ असतात. पण ते येण्याआधी काही मिनिटं सिंथेसायझर आणि ऑर्गनचा जो पट पसरलेला असतो, तो तानपुऱ्यासारखा काम करतो. तो नसता तर ते चार स्वर उघडे पडले असते.

५. श्रेयनामावलीवर विसंबू नका.
१९७७च्या ‘ॲनिमल्स’मध्ये गीत-संगीताच्या श्रेयात राइटचं नाव एकदाही नाही. मग ‘शीप’ लावा. सुरुवातीला इलेक्ट्रिक पियानो एकटाच, मेंढ्यांच्या आवाजात, निवांत रेंगाळतो. मग खालून बास चढत येतो. ती सुरुवात राइटची आहे.

६. जे फसलं त्याला फसलं म्हणा.
‘उमागुमा’च्या स्टुडिओतल्या रेकॉर्डवर प्रत्येकाने आपापला तुकडा वाजवला आहे. भक्त त्यातही अर्थ शोधतात. स्वतः राइटनेच पुढे आपल्या तुकड्याला आडंबरी म्हटलं. चाहत्याने कलावंतापेक्षा जास्त भाबडं असू नये.

७. भांडणाचा हिशेब ठेवा, पण बाजू घेऊ नका.
‘द वॉल’च्या वेळी राइटला बँडमधून काढलं आणि त्याच अल्बमच्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून ठेवलं. कार्यक्रम तोट्यात गेले, तेव्हा चौघांत पैसे मिळाले ते एकट्या पगारदाराला! १९८३च्या ‘द फायनल कट’मध्ये तो नाहीच, आणि तो अल्बम मला कोरडा वाटतो तो याचमुळे. १९९४च्या ‘द डिव्हिजन बेल’मध्ये तो पुन्हा गायला. २ जुलै २००५ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघं एका मंचावर आले, ते शेवटचंच.

८. बँड कुठे संपतो ते ओळखा.
सप्टेंबर २००८मध्ये राइट गेला. २०१४चा ‘द एंडलेस रिव्हर’ त्याच्यासोबत १९९३-९४मध्ये वाजवून ठेवलेल्या तुकड्यांवर उभा आहे. माझ्यापुरता फ्लॉइडचा शेवटचा अल्बम तोच. वॉटर्स आणि गिल्मर यांचे आपापले अल्बम मी आवडीने ऐकतो, पण ते फ्लॉइडचे म्हणून नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वाद घालायचाच असेल तर आधी ‘एकोज’, ‘अस अँड देम’ आणि ‘शीप’ एवढी तीन गाणी कीबोर्डकडे कान देऊन ऐका. मग खुशाल भांडू.