स्वयंपाकाचे इंधन आणि राहणीचा खर्च

धान्य कितीही स्वस्त मिळाले तरी ते शिजविल्याखेरीज खाता येत नाही. कुटुंबाच्या खर्चातील इंधनाचे स्थान या साध्या गोष्टीवरून ठरते. महागाई वाढली की कापडाची खरेदी पुढच्या सणापर्यंत लांबणीवर टाकता येते, गावाला जाणे टाळता येते, भाजीत तेल कमी घालता येते; चूल पेटविणे मात्र टाळता येत नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ इंधनाची मागणी अलवचिक आहे असे म्हणतात. हे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. अलवचिक असते ती उष्णतेची गरज. ती कोणत्या इंधनातून भागवावयाची, हे किमतीप्रमाणे बदलत राहते. आणि भारतात, जेथे काटक्या, शेण्या, तुराट्या व पऱ्हाट्या पुष्कळ ठिकाणी पैसे न देता मिळतात, तेथे महाग इंधन सोडून देणाऱ्या कुटुंबाला मागे परतण्याची वाट नेहमीच मोकळी असते. त्या वाटेवर खर्च कमी होत नाही, तो फक्त पैशांत दिसेनासा होतो.

राहणीखर्च मोजण्याचे काम आपल्या देशात बरेच जुने आहे. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कचेरी स्थापन केली आणि कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. त्यात अन्न, कापड व घरभाडे यांच्या जोडीला ‘इंधन व दिवाबत्ती’ हा स्वतंत्र गट होता. हा निर्देशांक म्हणजे केवळ आकड्यांचा खेळ नव्हता. पुढे गिरणी कामगाराचा महागाई भत्ता त्याच्याशी बांधला गेला, आणि निर्देशांक एका अंशाने चुकला तर लाखो घरांतील शिध्यावर त्याचा परिणाम होऊ लागला. निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, ही कामगार संघटनांची तक्रार १९६३ मध्ये इतकी तीव्र झाली की महाराष्ट्र सरकारला डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तक्रारीत तथ्य असल्याचे समितीला आढळले.

निर्देशांकाची रचना अशी असते की एका ठरावीक वर्षी कुटुंबे कशावर किती खर्च करीत होती हे पाहून प्रत्येक गटाला भार दिला जातो, आणि पुढील कित्येक वर्षे तोच भार कायम धरला जातो. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकात इंधन व दिवाबत्ती या गटाचा भार ६.८४ टक्के होता. ग्रामीण भागासाठी ७.९४, तर शहरी भागासाठी ५.५८. शहरापेक्षा खेड्यात इंधनाचा भार अधिक, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पण ग्रामीण कुटुंबाचा एकूण खर्चच कमी असतो, आणि खर्चाची पाहणी करताना गोळा करून आणलेल्या सरपणाची किंमतही स्थानिक बाजारभावाने लावण्यात येते. सरपणाला अशी किंमत लाभते. ते आणण्यासाठी गेलेल्या वेळेची नोंद या हिशेबात कोठेच होत नाही.

इंधनांची तुलना करताना किलोचा भाव पाहणे फसवे असते. पाहावयाचे ते भांड्याच्या बुडाशी किती उष्णता पोचली हे. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. एका किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, आणि चांगल्या शेगडीवर तिच्यापैकी साठ टक्के तरी भांड्याला लागते. म्हणजे एका टाकीतून सुमारे ९४,००० किलोकॅलरी उपयोगी उष्णता हाती येते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४,००० किलोकॅलरी असतात. परंतु तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीत त्यांतील दहा ते पंधरा टक्केच कामी येतात, उरलेली उष्णता भिंतींना, हवेला व धुराला जाते. हा गुणाकार पुरा केला तर एक टाकी ही १५७ ते २३५ किलो लाकडाच्या बरोबरीची ठरते. बाईच्या डोक्यावरची मोळी २० ते २५ किलोंची धरली तर साधारणपणे आठ-दहा मोळ्या झाल्या.

आता समजा, एखाद्या गावात लाकूड किलोला ५ रुपयांनी विकत घ्यावे लागले. २०० किलोंचे १,००० रुपये होतात. विकतचे लाकूड, या हिशेबाने, गॅसहून स्वस्त असेलच असे नाही. पुष्कळदा ते महागच पडते. स्वस्त असते ते फक्त गोळा केलेले लाकूड, आणि तेही गोळा करणाऱ्या व्यक्तीच्या श्रमाची किंमत शून्य धरली तरच.

ही किंमत शून्य का धरली जाते याचे उत्तर कर्नाटकातील पुरा या लहानशा खेड्याच्या अभ्यासातून मिळते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तुमकूर जिल्ह्यातील या गावाच्या ऊर्जेचा घरोघरी हिशेब मांडला. गावाच्या एकंदर ऊर्जेत सरपणाचा वाटा सर्वांत मोठा होता. वीज व रॉकेल यांचा वाटा फारच लहान होता. सरपणाचा बहुतेक भाग स्वयंपाकात खर्च होई आणि तो जवळजवळ सर्व गोळा करून आणलेला असे; विकत घेतलेले लाकूड अगदी थोडे. गावाच्या जीवनाला आधार देणारी ऊर्जा बाजारातून येतच नव्हती, ती स्त्रिया व मुले यांच्या पायपिटीतून येत होती. मजुरीचे काम वर्षातून काही महिनेच मिळत असेल, तर उरलेल्या दिवशी रानात जाणे हे ‘फुकट’ भासते. घरच्या कर्त्या पुरुषाच्या हिशेबात तर ते नेहमीच फुकट असते.

चुलीच्या धुराचा हिशेब याहून उशिरा सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मापनाची साधने बांधली, आणि त्या किती धूर श्वासावाटे घेतात हे पहिल्यांदा मोजून पाहिले. १९८३ मध्ये सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये बंद झाला. लक्षावधी चुली बसविल्या गेल्या, परंतु पुष्कळशा वर्षा-दोन वर्षांत मोडल्या. धुराडे तुंबले की ते साफ कोणी करावयाचे, हे कार्यक्रमात ठरलेले नव्हते.

शहरांची कथा वेगळी आहे. तेथे फुकट असे काहीच मिळत नाही. लोणारी कोळसा, दगडी कोळसा व वखारीतील लाकूड यांच्या जागी हळूहळू रॉकेल आले, आणि त्यामुळे शहरी गरिबांची चूल पश्चिम आशियातील घडामोडींशी जोडली गेली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध सुरू झाले, आणि खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलर होता तो जानेवारी १९७४ पर्यंत जवळजवळ १२ डॉलरवर गेला. त्याच्या आधीच, दुष्काळ व टंचाई यांच्या काळात, १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समिती स्थापन झाली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांनी थाळ्या वाजविल्या. त्यांच्या मागण्यांत धान्य व तेलाबरोबर रॉकेलही होते.

सरकारने पुढे रॉकेल शिधापत्रिकेवर स्वस्त दराने देण्याचे धोरण दीर्घकाळ चालविले. हेतू चांगला होता, परंतु डिझेलहून कितीतरी स्वस्त असलेले रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा मोह त्यामुळे निर्माण झाला. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २००५ मध्ये केलेल्या पाहणीनुसार शिधावाटपाच्या रॉकेलपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग भलतीकडे जात होता. २०१६ नंतर रॉकेलचा दर थोडा थोडा वाढवीत हे अर्थसाहाय्य संपविण्यात आले.

गॅस हा आरंभी मध्यमवर्गाचा मानला गेला. मुंबईत तो १९५५ पासून मिळू लागला; इंडियन ऑइलची पहिली ‘इंडेन’ जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यात दिली गेली. नंतरची कित्येक वर्षे प्रतीक्षायादीत काढणाऱ्या कुटुंबांना गॅस येणे हा घरातील एक प्रसंगच वाटे. २०११ च्या जनगणनेत ४९ टक्के कुटुंबे अजून सरपणावर व २८.५ टक्के गॅसवर स्वयंपाक करीत होती. ग्रामीण भागात गॅसचे प्रमाण केवळ ११.४ टक्के होते. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि गरीब स्त्रियांच्या नावाने अल्पावधीत कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या. एवढ्या वेगाने एवढ्या घरांत नवे इंधन पोचल्याचे उदाहरण जगात विरळाच सापडेल. परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि टाकी पुन्हा भरून घेणे वेगळे.

भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक गॅस आयात करतो, आणि त्याची किंमत सौदी अरेबियातील दरावरून ठरते. हा दर २०२०-२१ मध्ये टनामागे सरासरी ४१५ डॉलर होता, तो २०२२-२३ मध्ये ७१२ डॉलर झाला. याच सुमारास, २०२० च्या मध्यापासून, बहुसंख्य ग्राहकांचे अर्थसाहाय्यही थांबले. दिल्लीत नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांना मिळणारी टाकी मार्च २०२३ मध्ये १,१०३ रुपयांना झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ती २०० रुपयांनी व मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरविण्यात आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपये वाढून ८५३ रुपयांवर आली. उज्ज्वलाच्या लाभार्थींना मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपये व ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये साहाय्य मिळू लागले.

हे आकडे मजुरीशेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. मार्च २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २१३ रुपये मिळत होते. साहाय्य वजा जाताही टाकीला दिल्लीच्या दराने ९०३ रुपये लागत, म्हणजे चार दिवसांहून अधिक मजुरी. शिवाय अर्थसाहाय्य थेट बँकेत जमा होण्याच्या पद्धतीत टाकी घेताना पूर्ण रक्कम आधी मोजावी लागते, साहाय्य मागाहून येते. दर आठवड्याला बाजार करणाऱ्या, रॉकेल बाटलीने व तेल छटाकाने घेणाऱ्या कुटुंबाला हा एकरकमी भार किमतीइतकाच जड जातो. लाकूड दोन दिवसांपुरते आणता येते, गॅसचे तसे नाही. ही अडचण ओळखून पाच किलोंची लहान टाकी घेण्याची सोय पुढे करण्यात आली, परंतु ती लवकर संपते, आणि वितरकाचे दुकान दूर असलेल्या गावात प्रत्येक खेपेला भाड्याचा खर्च येतो.

परिणाम दिसून आला तो वापरात. पाच माणसांचे कुटुंब सर्व स्वयंपाक गॅसवर करील तर वर्षाला साधारणपणे आठ-दहा टाक्या लागतात. उज्ज्वलाच्या लाभार्थींनी २०१९-२० मध्ये सरासरी सुमारे तीनच टाक्या घेतल्या. पुढील वर्षी, टाळेबंदीच्या काळात तीन टाक्या मोफत देण्यात आल्या, तेव्हा ही सरासरी चारच्या वर गेली. मोफत टाक्या संपून दर चढू लागताच २०२१-२२ मध्ये ती पुन्हा चारच्या खाली आली. साहाय्य वाढल्यावर २०२४-२५ मध्ये ती साडेचारच्या जवळ पोचली. खेड्यातील स्त्रिया सवयीमुळे किंवा भाकरीच्या चवीसाठी चूल सोडीत नाहीत, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य असेलही, परंतु सवय दर वर्षी किमतीबरोबर अशी वर-खाली होत नाही.

मधली अवस्था बहुतेक घरांत अशी असते की सकाळचा चहा, पाहुण्यांचा स्वयंपाक, पावसाळ्यातील ओले दिवस यांसाठी गॅस, आणि डाळ, भाकरी, अंघोळीचे पाणी यांसाठी चूल. इंधन जपण्यासाठी जेवणही बदलते. भिजत घालावी लागणारी व दीर्घकाळ शिजणारी कडधान्ये मागे पडतात. सकाळीच दोन वेळचे रांधून रात्री ते गार खाल्ले जाते. प्रेशर कुकर असलेल्या घराला ही काटकसर सोपी जाते, पण तो घेण्यासाठीही एकदम पैसे लागतात.

निर्देशांकाला यांतील थोडेच दिसते. ठरलेल्या भारानुसार तो असे गृहीत धरतो की कुटुंब पूर्वीइतकाच गॅस घेत आहे व त्यासाठी अधिक पैसे मोजत आहे. म्हणून इंधन गटाचा आकडा चढतो. प्रत्यक्षात वर्षाला सात टाक्यांवरून तीनवर आलेल्या घराचा गॅसवरील खर्च, दर दीडपट झाला तरी, पूर्वीपेक्षा कमी होतो. खर्चाच्या पाहणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्याच्या तक्त्यात त्या घराच्या गॅसच्या रकान्यात घट नोंदली जाते. सरपणाच्या रकान्यात गावच्या भावाने काही रुपये मांडले जातात. त्या घरातील बाई आठवड्यातून किती वेळा रानात जाऊ लागली, हे विचारण्यासाठी तक्त्यात रकाना नसतो.