ईमेल टेम्पलेट: काय कुलूपबंद, काय मोकळं?



व्हिडिओत आपण ईमेलचं टेम्पलेट बनवलं. बनवणं सोपं आहे हो, पण चार जणांच्या हातात गेल्यावर ते तसंच टिकवणं अवघड. म्हणून जोडीला हा लेख.

समजा, तुम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या कंपन्यांना दिवाळी फराळाचे बॉक्स पुरवता. कोटेशन तुम्ही पाठवता, बिल हिशोब बघणाऱ्या ताई पाठवतात, डिलिव्हरीचा मेल तुमचा पुतण्या टाकतो. एकात जुना लोगो, दुसऱ्यात लोगोच नाही, तिसऱ्यात फर्मचं नाव अर्धवट. समोरच्या पर्चेस खात्याला प्रश्न पडतो, ही एकच फर्म आहे की तीन?

आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. उद्या एखाद्या भामट्याने तुमच्या नावाने मेल टाकला, "आमचं बँक खातं बदललंय, पैसे इथे भरा", तर ग्राहक काय करेल? तुमचे खरे मेलच रोज वेगळे दिसत असतील, तर त्यांच्यात खोटा मेल सहज खपतो. पैसे जातात ग्राहकाचे, पण नाव खराब होतं तुमचं.

मग सगळंच बंद करून टाकायचं का? नाही. एक शब्दही बदलता येत नसेल, तर लोक कंटाळून टेम्पलेट वापरणंच सोडतात. म्हणून तीन कप्पे करा.

१. कुलूपबंद, कोणीही हात लावायचा नाही: लोगो, रंगाचा कोड, फॉन्ट, फर्मचं पूर्ण नाव, सहीची मांडणी, बँकेचा तपशील. तुमची कंपनी असेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे व्यवसायाच्या पत्रांवर आणि बिलांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, फोन आणि ईमेल द्यावा लागतो. वेबसाइट असेल तर तीही. एलएलपीलाही २००८ च्या कायद्यात असाच नियम आहे. ही ओळ टेम्पलेटमध्येच बसवली की विसरायची भीती नाही.

२. विचारून बदलायचं: सवलत, पेमेंटची मुदत, सणाचा बॅनर. इथे चुकलं की थेट खिशाला फटका.

३. मोकळं: नमस्कार, ग्राहकाचं नाव आणि मधल्या दोन-चार ओळी. "मागच्या वेळी चकली कमी पडली होती, या वेळी वाढवून देतो" हे माणसानेच लिहायचं. नातं इथेच तयार होतं.

आता कुलूप लावायचं कसं?

जीमेलमध्ये सेटिंग्जच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात 'टेम्पलेट्स' चालू करता येतात. पण ते टेम्पलेट त्या एका खात्यापुरतंच राहतं आणि ज्याचं खातं, तो ते बदलू शकतो. म्हणजे साध्या जीमेलमध्ये खरं कुलूप नाही. तिथे शिस्तच कुलूप. मूळ मजकूर एका गूगल डॉकमध्ये ठेवा. बदलायचा अधिकार एकाच व्यक्तीकडे, बाकी सगळे 'व्ह्यूअर'. नावात आवृत्तीचा नंबर घाला, जसं 'कोटेशन ३'. नवी आवृत्ती आली की प्रत्येकाच्या खात्यातली जुनी काढून टाकायची.

पैसे भरून गूगल वर्कस्पेस घेतलं असेल, तर ॲडमिन कन्सोलमध्ये 'अपेंड फूटर' अशी सोय आहे. तुमच्या फर्मच्या बाहेर जाणाऱ्या मेलखाली ठरलेला मजकूर आपोआप लागतो. कायद्याची ओळ तिथे टाका.

दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, नाव आणि फोन नंबर लोगोच्या चित्रातच ठेवणं. काही ठिकाणी मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत, मग ग्राहकाला रिकामी चौकट दिसते. नाव-नंबर अक्षरांतच लिहा. दुसरी, डीटीपीवाल्याकडचा जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तसाच चिकटवणं. तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. मराठी कायम युनिकोडमध्येच टाइप करा.

आणि हे लक्षात घ्या, टेम्पलेटची नक्कल कोणीही करू शकतो. म्हणून कुलूपबंद भागात ही ओळ घालाच: "बँक खातं बदलल्याची सूचना आम्ही केवळ ईमेलवर कधीच देत नाही. असा मेल आल्यास तुमच्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर फोन करून खात्री करा." प्रत्येक मेलमध्ये तीच ओळ वाचून ग्राहकाच्या डोक्यात ती पक्की बसते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या फर्ममधून गेलेले शेवटचे दहा मेल उघडा, वेगवेगळ्या माणसांनी पाठवलेले. नाव झाकलं तर ते एकाच घरचे वाटतात का? नसतील वाटत, तर आधी कोटेशन, बिल आणि पेमेंटची आठवण या तीनच मेलचे कप्पे पाडा. बाकीचं नंतर.