श्वासाची पूर्वतयारी

आंबेगाव तालुक्यातील शिनोली हे गाव घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पौषातील थंडीत, भल्या सकाळी शाळेकडे निघालेल्या मुलांच्या तोंडातून पांढरी वाफ बाहेर पडताना दिसते. मुलांना त्याची गंमत वाटते. मात्र ही वाफ येते कोठून, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात अवश्य विचारावा. कारण त्याच्या उत्तरात आपल्या शरीराची एक विलक्षण व्यवस्था दडलेली आहे.

फुप्फुसांतील वायुकोश अतिशय नाजूक असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी हवा शरीराइतकी, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस उष्ण आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असावी लागते. अशा एक लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असते. उलट, १० अंश तापमानाची हवा कितीही दमट असली, तरी तिच्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच पाणी मावते. उरलेले ३५ मिलिग्रॅम शरीराला पुरवावे लागते. माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरांहून अधिक हवा आत घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचा व्याप ध्यानात येतो.

या कामाचा मोठा भार नाक उचलते. नाकाच्या प्रत्येक बाजूस शिंपल्यासारख्या वळलेल्या तीन कडा असतात. त्यांमुळे हवेला अरुंद, वळणावळणाच्या मार्गाने जावे लागते व ओलसर अस्तराशी तिचा निकट संबंध येतो. या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. रक्त ऊब देते आणि अस्तर ओलावा देते. घशाशी पोहोचेपर्यंत हवा ३२ ते ३४ अंशांपर्यंत तापते. उरलेले काम घसा व श्वासनलिका पूर्ण करतात. उच्छ्वासाच्या वेळी थंड झालेले हेच अस्तर काही उष्णता व पाणी परत मिळवते. तोंडाने श्वास घेणाऱ्याला हा लाभ पुरेसा होत नाही. म्हणून सकाळी त्याचा घसा कोरडा पडतो. अस्तरावरील सूक्ष्म तंतू धूळ व जंतू अडकलेला चिकट स्राव सतत पुढे ढकलतात. अस्तर वाळले की हा स्राव घट्ट होतो आणि तंतूंची गती मंदावते.

नाकाचा हा मार्ग टाळला जातो, तेव्हा त्याचे काम माणसाला करावे लागते. गळ्याला छिद्र पाडून अथवा तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाला हवा उबदार व दमट करूनच द्यावी लागते. अन्यथा स्राव वाळून नळी तुंबण्याचा धोका असतो.

२०२० व २०२१ या वर्षांतील कोविड साथीत ऑक्सिजन सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर ही नावे खेडोपाडी पोहोचली. सिलिंडरमधील ऑक्सिजन कोरडा असतो. प्रवाह मंद असल्यास नाक ते काम निभावून नेते. प्रवाह वाढल्यास तो पाण्याच्या बाटलीतून देतात. परंतु हे पाणी अस्वच्छ असेल, तर उपायच अपायकारक ठरू शकतो. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या बाटलीसाठी स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरण्याची सूचना केली होती.

ज्या गावांत अशी उपकरणे आजही असतील, तेथील पंचायत सदस्यांनी ही बाब लक्षात ठेवावी. बाटली लावावी की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे. लावल्यास नळाचे वा विहिरीचे पाणी भरू नये. उरलेल्या पाण्यात नवे पाणी न ओतता जुने पाणी रोज टाकून द्यावे, बाटली स्वच्छ करावी व निर्जंतुक पाणी खुणेपर्यंतच भरावे. त्याचप्रमाणे, नेहमी तोंडाने श्वास घेणारे किंवा झोपेत घोरणारे मूल आढळल्यास शिक्षकांनी पालकांना आरोग्य केंद्रात तपासणीचा सल्ला द्यावा.

थंडीतील ती पांढरी वाफ म्हणजे शरीराने आपल्या साठ्यातून हवेला दिलेले पाणी होय. नाक हे देणे विनातक्रार देत असते. ते जेथे देऊ शकत नाही, तेथे ती जबाबदारी आपण तितक्याच काळजीने पार पाडली पाहिजे.