जुन्या मोटारीच्या इंजिनाची रबरी बैठक : परीक्षा व बदल

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगणात आज एखादी जुनी जीप अथवा मोटार उभी असते. धानाची पोती गिरणीस नेणे, खत आणणे, रात्री-अपरात्री आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणे, ही कामे तिच्यावरच असतात. आलापल्लीहून भामरागडकडे अथवा सिरोंचाकडे जाताना लांबवर रानच रान लागते. तेथे गाडी अडली तर मिस्त्री मिळणे कठीण. पावसाळ्यात पर्लकोटेस पूर आला म्हणजे तर भामरागडचा मार्गच खुंटतो. अशा गाडीचा एक भाग हळूहळू झिजतो, मालकाच्या ध्यानात येत नाही, आणि गाडी थरथरू लागली म्हणजे भलत्याच भागावर पैसा खर्च होतो. तो भाग म्हणजे इंजिनाखालील रबरी बैठक. गराजात हिला माउंटिंग, कोठे कोठे फाउंडेशन असेही म्हणतात. तिची परीक्षा व बदल यांची रीत आम्ही येथे देत आहो.

बैठकीचे कार्य. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये रबर पक्के चिकटविलेले असते. एक पट्टी इंजिनास व दुसरी चेसिसला बोल्टने आवळतात. जीप, अँबेसेडर यांसारख्या गाड्यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत बसविलेले असते. त्यास बहुधा पुढे डावी व उजवी आणि मागे गिअरपेटीखाली एक, अशा बैठकी असतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ७५० फेऱ्यांनी मंद चालत असता सेकंदास पंचवीस स्फोट होतात. त्यांचा कंप चेसिसपर्यंत पोहोचू न देणे हे रबराचे पहिले काम होय. १९३१ साली अमेरिकेतील प्लिमथ मोटारीने इंजिन रबरावर तोलण्याची पद्धत गाजविली, ती याच हेतूने.

दुसरे काम इंजिनास आवरून धरण्याचे. रुतलेल्या गाड्यास खांदा देणाऱ्याचे पाय जसे मागे सरकू पाहतात, तसे चाकांस जोर देणारे इंजिन स्वतः उलट बाजूस कलू पाहते. उभ्या इंजिनाच्या गाडीत पुढे जाताना चालकाच्या डाव्या हाताची बैठक सामान्यतः ताणली जाते व उजवी दाबली जाते. मागे घेताना याच्या उलट होते. मारुती ८०० सारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत इंजिन पुढे-मागे कलते.

झिजण्याची कारणे. उष्णतेने रबर कडक होऊन तडकते. आणि चंद्रपुरास उन्हाळ्यात पारा कित्येकदा ४६ अंशांच्या वर जातो, त्यात इंजिनाची आच वेगळीच. ऑईल व डिझेल यांच्या संसर्गाने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडते. खड्ड्यांतून भरल्या गाडीने जाणे व क्लच एकदम सोडणे, या सवयीही बैठकीस घातक आहेत.

इतर दोषांपासून निवड. थरथरणारी प्रत्येक गाडी बैठकीचीच रोगी नसते. यास्तव प्रथम पुढील निवड करावी.

गाडी उभी असता न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. उभ्या गाडीत कंप मुळीच नसून केवळ धावताना येत असेल, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात क्षणभर न्यूट्रल करून पाहावे. कंप तसाच राहिला तर दोष चाकांत अथवा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये शोधावा. मंद गतीत इंजिन अडखळत, मध्येच स्फोट चुकवीत चालत असेल, तर ते मिसिंग होय. पेट्रोल गाडीचे प्लग व डिझेलचे नोझल आधी तपासवून घ्यावे. मंद गती फाजील कमी बांधलेली असली तरीही गाडी थरथरते. सायलेन्सरचा पाईप चेसिसला लागत असला तरी असाच घरघराट होतो. इंजिन एकसारखे चालत असूनही कंप पायाशी व स्टिअरिंगला जाणवत असेल, आणि क्लच सोडताना व गिअर बदलताना धक्का बसून आवाज येत असेल, तेव्हा बैठकीचा संशय घ्यावा.

परीक्षा. इंजिन बंद व थंड असता बॅटरीच्या प्रकाशात दोन्ही बाजू ताडून पाहाव्या. रबरावरील बारीक भेगा हा वयाचा धर्म आहे. परंतु रबर पट्टीपासून सुटलेले, आरपार चिरलेले, चेपून बसलेले अथवा तेलाने लिबलिबीत झालेले असेल, तर बैठक निकामी समजावी. पंखा रेडिएटरच्या एका बाजूस अधिक जवळ आला असेल तर तीही खूण होय. नंतर पहारेने इंजिन अगदी हलके उचलून पाहावे. रबर व पट्टी यांमध्ये फट पडली की निर्णय झाला.

शेवटची परीक्षा दोघांनी करावी. हातब्रेक व पायब्रेक दोन्ही लावून चालकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडा लागू होईपर्यंतच सोडावा, पुन्हा दाबावा. मग रिव्हर्समध्ये तसेच करावे. पाहणाऱ्याने बाजूस उभे राहावे. गाडीच्या पुढे वा मागे कोणीही असू नये. उपरणे, सैल बाही पंख्याजवळ नेऊ नये. इंजिन थोडे डोलणे स्वाभाविक आहे. एका बाजूने उसळून धाडकन परत बसणे हा दोष होय.

बदलण्याची रीत. गाडी सपाट जागी उभी करून चाकांस ठोकळे लावावे व बॅटरीची ऋण तार सोडावी. चेंबरचा पत्रा पातळ असतो, म्हणून जॅक व चेंबर यांमध्ये रुंद लाकडी फळी द्यावी. इंजिनाचा भार जॅकवर येईल इतकेच उचलावे, आणि तसे करताना रेडिएटरचा नळ, ॲक्सिलरेटरची केबल व पंखा यांवर दृष्टी ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. दोन्ही बाजूंचे बोल्ट ढिले करावे, पण एका वेळी एकच बैठक काढावी. नवी बैठक जुनीशेजारी ठेवून उंची व छिद्रे जुळवावी. डावी-उजवी वेगळी असू शकते. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावावे, इंजिनाचा भार बैठकीवर उतरवावा, हाताने हालवून स्थिर होऊ द्यावे, आणि नंतरच कारखान्याच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावे. आधीच आवळल्यास रबर पिळलेले राहते व लवकर फाटते. काही दिवस गाडी चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासावे.

एक फाटली म्हणजे तिच्या जोडीची बहुधा थकलेलीच असते. यास्तव पुढील जोडी एकदम बदलणे हिताचे. तेल गळत असेल तर ती गळती आधी बंद करावी, अन्यथा नवी बैठकही त्याच वाटेने जाईल.

काय करू नये. जुन्या टायरचा तुकडा खाली सारून काम चालविण्याची रीत आढळते. तो दाब सोसतो, परंतु पट्टीस चिकटलेला नसल्यामुळे ताण सोसत नाही, व इंजिन उचलले जाण्याचे थांबत नाही. इंजिन थेट चेसिसला जोडल्यास सगळा कंप लोखंडात जाऊन ब्रॅकेट तडकतात. हा दोष किरकोळ मानू नये. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीस सुमारे ६७ लक्ष गाड्या याच कारणासाठी दुरुस्तीस बोलवाव्या लागल्या. बैठक तुटून इंजिन उचलले जाई, त्यासरशी ॲक्सिलरेटर ओढला जाई व गाडी चालकास न जुमानता धावू लागे. इंजिन वर उचलले जाऊ नये असा बंध लावून तो दोष दूर करण्यात आला.

अँबेसेडर व मारुती ८०० या दोन्हींचे उत्पादन २०१४ साली थांबले. अशा गाड्यांच्या मालकांनी चांगल्या बैठकीचा एक संच मिळेल तेव्हा घेऊन उन्हातेलापासून दूर ठेवावा. वर्षातून दोन वेळा, रोवणीपूर्वी ज्येष्ठात व धानाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी दिवाळीच्या सुमारास, वरील परीक्षा करून तारीख व धाव वहीत टिपून ठेवावी. बैलाच्या खांद्यास घट्टा पडला की आपण जू तपासतो. गाडीच्या बाबतीतही तीच दक्षता बाळगावी, म्हणजे पुराच्या दिवसांत आजाऱ्यास घेऊन निघालेली गाडी रानात उभी राहणार नाही.