यदृच्छा आणि पेशींचे स्थित्यंतर

चंदीगडजवळील झिरकपूर येथे अंबाल्याहून येणारा हमरस्ता फुटतो. एक वाट चंदीगडकडे, दुसरी पतियाळ्याकडे, तिसरी काल्का-सिमल्याकडे जाते. वाटसरू आपले गाव मनात ठरवूनच फाट्यावर वळतो. सजीव पेशीपुढेही असेच फाटे येतात. परंतु पेशीला मन नाही. मग तिची वाट कशाने ठरते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे यदृच्छा होय.

पेशीतील जनुकांच्या आज्ञेने प्रथिने तयार होतात. हे कार्य संथ धारेसारखे अखंड चालत नाही. रेणूंची गाठ पडेल तेव्हा ते घडते, एरवी थांबते. रेणू परस्परांपासून स्वतंत्रपणे निर्माण होत असतील आणि त्यांची सरासरी १०० असेल, तर चढउतार सुमारे १० रेणूंचा, म्हणजे शेकडा १० असतो. सरासरी १०,००० असेल, तर तो शेकडा १ एवढाच उरतो. म्हणजे रेणू जितके थोडे, तितका यदृच्छेचा प्रभाव अधिक. २००२ मध्ये मायकेल एलोविट्झ व सहकाऱ्यांनी एकाच जीवाणूत दोन रंगांची चमकणारी प्रथिने सारख्याच नियंत्रणाखाली ठेवली. तरीही काही पेशींत एक रंग अधिक दिसला, तर काहींत दुसरा.

काही जनुकांचे प्रथिन उलट त्याच जनुकाला अधिक चेतविते. अशा पेशीला दोन स्थिर अवस्था लाभू शकतात : जनुक जवळजवळ बंद किंवा पूर्ण चालू. दोन खळग्यांच्या परातीतील गोटीची कल्पना करावी. परात किंचित हालत राहिली, तर गोटी बहुधा आपल्याच खळग्यात डोलत राहते. पण एखादा धक्का तिला मधल्या उंचवट्यापलीकडे टाकतो. १९५७ मध्ये नोव्हिक आणि वायनर यांनी आतड्यातील जीवाणूंवर प्रयोग करून दाखविले की, चेतक द्रव्य बेताचे असता प्रत्येक पेशी अर्धवट चेतत नाही. काही पेशी पूर्ण चेततात, बाकीच्या तशाच राहतात.

या गोष्टीचा मनुष्याच्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे. १९४४ मध्ये जोसेफ बिगर यांना आढळले की, पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही दशलक्षात सुमारे एक जीवाणू वाचतो. मात्र त्याची संतती पुन्हा पेनिसिलिनने मरते. म्हणजे त्याचा आनुवंशिक गुण बदललेला नसतो, केवळ अवस्था निराळी असते. पुष्कळ प्रतिजैविके वाढत्या पेशींवरच प्रभावी ठरतात. निजलेली पेशी त्यांतून निसटते. क्षयाचा उपचार सामान्यतः सहा महिने चालू ठेवावा लागतो, त्याचे एक कारण हेच होय. कोलकात्याच्या बोस संस्थेतील इंद्राणी बोस, मणिकुंतला कुंडू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी नातलगाचा अभ्यास केला. उपासमारीत वाढ आवरणाऱ्या ‘रेल’ या जनुकाच्या बाबतीत त्यांना एकाच वाढविलेल्या समूहात मंद आणि प्रखर असे पेशींचे दोन गट आढळले. स्वतःला चेतविणारी रचना आणि यदृच्छ चढउतार ही दोन्ही त्यामागे होती.

अशा स्थित्यंतराची पूर्वसूचना मिळेल काय? परिस्थिती बदलत जाऊन खळगा उथळ झाला की, हललेली गोटी मूळ जागी परतण्यास अधिक वेळ घेते आणि तिचे डोलणेही वाढते. झिरकपूरच्या वायव्येस रोपड येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील पार्थसारथी दत्त, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मोहित कुमार जॉली आणि इतर संशोधकांनी २०१९ मध्ये गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने अशाच खुणांचा शोध घेतला. कर्करोगाच्या प्रसाराशी निगडित असलेले पेशींचे अवस्थांतर हा त्यांचा विषय होता.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. खळगा खोल असतानाच एखाद्या मोठ्या धक्क्याने गोटी उडाली, तर खुणा आधी उमटतीलच असे नाही. म्हणून केवळ सरासरी पाहून पेशीसमूहाची परीक्षा होत नाही. दशलक्ष पेशी मेल्या, तरी रोग पुन्हा उद्भवेल की नाही, हे उरलेल्या एका पेशीवर अवलंबून असू शकते. रुग्णास बरे वाटू लागले, तरी औषध पूर्ण मुदतीपर्यंत का घ्यावयाचे, याचे एक उत्तर या चिमुकल्या रेणूंच्या यदृच्छ हालचालींत आहे.