पणजोबांची समाधी कुठे शोधावी?

प्रश्न : पणजोबा सातारा जिल्ह्यातून पलटणीत गेले आणि 1916 मध्ये मेसोपोटेमियात वारले, एवढंच घरी ठाऊक आहे. त्यांची कबर सापडेल का?

उत्तर : कबरीचा आग्रह सोडा, नोंद शोधा. हिंदू शिपायांचं शक्य तिथे दहन होई; मेसोपोटेमियातल्या कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात आणि नंतरच्या कैदेत तर अनेकांचा ठावठिकाणाच उरला नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. आडनावाची स्पेलिंगं मात्र बदलून पाहा, इंग्रज कारकुनांनी जाधवांचे हाल केलेत! वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तरच माणूस आपला. बहुधा ‘बसरा मेमोरियल’ असा उल्लेख येईल. ते स्मारक आहे, कबर नव्हे. घरात जुनं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा : शिपाई क्रमांक आणि पलटण तिथेच कोरलेली असते.